सुप्याचे पाणी आणि तुमच्या मळ्यातील मोटर



गेल्या मार्चमधील गोष्ट. आमच्या धर्मग्रामातील एका वाडीवरचा टीसी जळाला. (महाराष्ट्रातील आपले पाहुणे ज्याला डीपी म्हणतात तोच हा टीसी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर.) उसाला पाण्याची पाळी आलेली, उन्हाचा तडाखा वाढलेला आणि नेमक्या त्याच वेळी ओढ्याकाठच्या सगळ्या मोटरी बंद पडल्या. नवा टीसी बसेपर्यंत अकरा दिवस गेले. मोठ्या शेतकऱ्यांचा ऊस सुकला, पण तग धरून राहिला. ज्यांना अर्ध्या एकरावर संसार चालवायचा आहे त्यांचे मात्र हाल झाले. एका विधवा भगिनीची ओली मिरची डोळ्यांदेखत करपली. त्या मिरचीवर तिने मुलीची कॉलेजची फी धरली होती.

रविवारी देवळाबाहेर लोक तावातावाने बोलत होते. एक तात्या म्हणाले, ‘‘फादर, ते वरनंच करंट कमी सोडतात बघा. आम्हा शेतकऱ्यांना कोण विचारतो?’’

मी दुसऱ्या दिवशी लाईनमनला गाठले. तो शांतपणे म्हणाला, ‘‘फादर, टीसी त्रेसष्टचा आहे. तुम्ही एकदा ओढ्याने फिरा आणि मोटरी मोजा. मग आपण बोलू.’’

मी दोन तरुणांना बरोबर घेऊन फिरलो. कागदोपत्री ५ अश्वशक्तीच्या अकरा मोटरी होत्या. प्रत्यक्षात एकोणीस निघाल्या. त्या भगिनीची मोटर अकरांपैकी एक होती, रीतसर अर्ज करून आणि पैसे भरून घेतलेली.

‘वरनं करंट कमी सोडतात’ हे म्हणणे कितपत खरे? आपल्या मोटरीपर्यंत वीज कोठून आणि कशी येते हे समजून घेतल्याशिवाय याचे उत्तर मिळणार नाही. म्हणून आज त्या वाटेने आपण थोडे चालत जाऊ.

वीज तयार होते म्हणजे काय?

१८३१ साली मायकेल फॅरडे या इंग्रज शास्त्रज्ञाने दाखवून दिले की, तांब्याच्या तारेच्या वेटोळ्याजवळ लोहचुंबक हलविला तर तारेत वीज वाहू लागते. चुंबक थांबला की वीजही थांबते. फॅरडे हा लोहाराचा मुलगा, लहानपणी पुस्तके बांधण्याच्या दुकानात उमेदवारी केलेला. आज जगातील बहुतेक वीज त्याने शोधलेल्या या एका नियमावर तयार होते. चुंबक फिरविण्यासाठी जोर कोठून आणायचा, एवढाच काय तो फरक.

आपल्या जवळचे उदाहरण काळी नदीचे. जोयडा तालुक्यात उगम पावून ती कारवारजवळ समुद्राला मिळते. या नदीवर सुपा येथे १०१ मीटर उंचीचे धरण आहे. जुने सुपा गाव या पाण्याखाली गेले आणि तेथील कित्येक कुटुंबे रामनगरला येऊन वसली. गोव्याच्या वाटेवर रामनगर लागले म्हणजे याची आठवण ठेवावी. आपल्या घरी दिवा लागावा म्हणून कोणाची तरी घरे विझली आहेत.

सुप्याचे पाणी धरणाच्या पायथ्याशी ५० मेगावॅटचे दोन संच फिरविते. पुढे ते बोम्मनहळ्ळीच्या जलाशयात अडविले जाते आणि तेथून डोंगराच्या पोटातील बोगद्याने नागझरीच्या वीजघरात उतरते. तेथे सहा संच असून त्यांची क्षमता मिळून ९०० मेगावॅटच्या आसपास आहे. नंतर तेच पाणी कोडसळ्ळीला १२० मेगावॅट आणि कद्र्याला १५० मेगावॅट क्षमतेचे संच फिरवून समुद्राकडे जाते. याच नदीच्या काठी कैगा येथे अणुवीज केंद्र आहे. त्याच्या २२० मेगावॅटच्या चार अणुभट्ट्या आहेत.

वीजघरात पाण्याचा लोट टर्बाइनच्या पात्यांवर आदळतो. टर्बाइनचा दांडा वरच्या जनित्राला जोडलेला असतो. जनित्रात लोहचुंबक फिरतो, भोवती तांब्याची वेटोळी असतात आणि त्यांतून वीज निघते. पाणी आटत नाही की नासत नाही, फक्त त्याची उंची खर्ची पडते.

ती किती खर्ची पडते याचा साधा हिशेब पाहा. काहीच वाया गेले नाही असे धरले, तर एक हजार लिटर पाणी ३६७ मीटर उंचीवरून खाली आल्यावर एक युनिट वीज मिळते. तुमची ५ अश्वशक्तीची मोटर तासाला साधारण साडेचार युनिटे घेते. सात तास चालली तर एकतीस-बत्तीस युनिटे झाली. म्हणजे तुमच्या विहिरीतील पाणी वर यावे म्हणून तीस हजार लिटरांहून अधिक पाण्याने कोठेतरी एवढा मोठा डोंगर उतरलेला असतो. पाट फुटून बांधावरून वाहू लागला म्हणजे एक नव्हे, दोन ठिकाणचे पाणी वाया जाते.

कोळशाच्या केंद्रातही असाच प्रकार असतो. रायचूरजवळ शक्तिनगरला कोळसा जाळून पाण्याची वाफ करतात आणि त्या वाफेच्या जोरावर टर्बाइन फिरवितात. तेथे एका युनिटास साधारण सहाशे-सातशे ग्रॅम कोळसा लागतो. कैग्यात वाफेसाठी उष्णता अणूंच्या विघटनातून मिळते. सौंदत्तीच्या टेकड्यांवर वारा पाती फिरवितो. आपल्या जिल्ह्यातील अनेक साखर कारखाने उसाचे चिपाड जाळून वीज करतात. म्हणजे तुम्ही गाडी भरून पाठविलेला ऊस साखर देतो आणि दिवाही लावतो. सूर्याची वीज मात्र वेगळी. तेथे काहीच फिरत नाही. काचेखालील सिलिकॉनच्या पातळ चकत्यांवर ऊन पडले की सरळ वीज निघते. तुमकूर जिल्ह्यात पावगड येथे अशा तावदानांचे २०५० मेगावॅटचे मोठे क्षेत्र आहे.

एवढा मोठा दाब कशासाठी?

आता ही वीज शेकडो किलोमीटर दूर न्यायची. येथे अडचण येते. तारेतून वीज वाहते तेव्हा तार तापते आणि तेवढी वीज वाया जाते. प्रवाह दुप्पट केला तर ही नासाडी दुप्पट नव्हे, चौपट होते.

यावर तोड अशी की, वीज ही दाब आणि प्रवाह यांच्या गुणाकाराने मोजतात. दाब म्हणजे व्होल्ट आणि प्रवाह म्हणजे अँपिअर. दाब दहापट वाढविला तर तेवढीच वीज दहाव्या हिश्श्याच्या प्रवाहात जाते आणि नासाडी शंभराव्या हिश्श्यावर येते. म्हणून वीजघराबाहेरच मोठे ट्रान्सफॉर्मर बसवून दाब २ लाख २० हजार किंवा ४ लाख व्होल्टपर्यंत चढवितात. उंच लोखंडी मनोऱ्यांवरून जाणाऱ्या तारा त्या याच. शिवनसमुद्रच्या धबधब्यावर १९०२ साली वीजघर उभे राहिले आणि तेथून सुमारे १४७ किलोमीटर दूर कोलारच्या सोन्याच्या खाणींना वीज गेली. त्या काळी ही फार मोठी मजल होती. दाब चढविण्याची युक्ती नसती तर वाटेतच बहुतेक वीज तारा तापविण्यात गेली असती.

मुक्कामाजवळ आल्यावर दाब पायरीपायरीने उतरवितात. मोठ्या केंद्रात तो १ लाख १० हजारांवर येतो, पुढे ३३ हजार किंवा ११ हजारांवर. गावात शिरणारी, तीन तारांची लाईन ११ हजार व्होल्टची असते. शेवटची पायरी म्हणजे ओढ्याकाठचा आपला टीसी. तो ११ हजारांचे सुमारे ४१५ व्होल्ट करतो. तिन्ही फेज मिळून मोटर चालते. एक फेज आणि न्यूट्रल मिळून घरात दिवा लागतो, तेथे दाब २३० च्या आसपास असतो.

साठा नसलेले कोठार

धान्य कणगीत ठेवता येते. वीज तशी भरपूर प्रमाणात साठविणे अजूनही कठीण आणि महाग आहे. म्हणून या क्षणी देशात जेवढी वीज वापरली जाते तेवढीच त्याच क्षणी तयार व्हावी लागते. वापर वाढला आणि निर्मिती अपुरी पडली तर सगळी जनित्रे किंचित मंद होतात. आपल्याकडे विजेचा ठेका सेकंदास ५० आवर्तने असा आहे. तो ४९.९० ते ५०.०५ यांच्या दरम्यान राहावा म्हणून बेंगळूरच्या नियंत्रण केंद्रात रात्रंदिवस माणसे बसलेली असतात. ती कोठे नागझरीचा संच सुरू करायला सांगतात, तर कोठे भार कमी करायला सांगतात.

हा तोल गेला की काय होते ते ३० आणि ३१ जुलै २०१२ रोजी उत्तर भारताने पाहिले. दुसऱ्या दिवशी उत्तर, पूर्व आणि ईशान्य भारतात मिळून सुमारे ६० कोटी लोकांच्या भागातील वीज गेली. आपला दक्षिण भाग तेव्हा वेगळ्या जाळ्यात होता, म्हणून वाचला. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर–सोलापूर ही ७ लाख ६५ हजार व्होल्टची लाईन सुरू झाली आणि सारा देश एका जाळ्यात आला. आता सगळे ओढे एकाच तळ्यात पडतात. तुमच्या मोटरीतील वीज सुप्याची की रायचूरची, हे कोणालाही वेगळे काढून सांगता येणार नाही. शेजारच्या गोव्याचे उदाहरण घ्या. त्याची बहुतेक वीज कोर्बा, विंध्याचल, रामगुंडम अशा दूरच्या केंद्रांतून येते.

म्हणजे ‘वरनं कमी सोडतात’ यात काही तथ्य असते. टंचाईच्या वेळी भार कमी केला जातो, शेतीपंपांना ठराविक तासच वीज मिळते. पण वीज आलेली असतानाही मोटर घुमत नाही, नुसती गुरगुरते, याचे कारण बहुधा बेंगळुरास नसून ओढ्याकाठीच असते.

त्रेसष्टच्या टीसीवर किती मोटरी?

५ अश्वशक्तीची मोटर साधारण साडेपाच केव्हीए भार घेते. ६३ केव्हीएचा टीसी अशा अकरा मोटरी सुखाने चालवितो. एकोणीस मोटरी म्हणजे शंभराहून अधिक केव्हीए झाले. ज्या बैलाने दहा पोती ओढायची त्याच्या गाडीवर सतरा पोती लादण्यातला हा प्रकार. टीसीच्या आतील तेल तापते, तारांवरील कागदाचे वेष्टण करपते आणि एके दिवशी धूर निघतो.

त्याआधी दाब पडतो. दाब वीस टक्के कमी झाला तर मोटरीचा सुरू होतानाचा जोर जवळजवळ छत्तीस टक्क्यांनी घटतो. मोटर चालू असली तर तेच काम करण्यासाठी ती जास्त प्रवाह ओढते, तापते आणि वायंडिंग जळते. लाईनच्या शेवटच्या टोकावर असणाऱ्याची मोटर आधी जळते. आमच्या वाडीवर ते टोक त्या भगिनीचे होते.

याहून वाईट खोड म्हणजे ऑटो स्विच. रात्री-अपरात्री वीज आली की मोटर आपोआप सुरू व्हावी म्हणून बहुतेकांनी तो बसविलेला असतो. पण सरळ सुरू होणारी मोटर पहिले काही क्षण नेहमीच्या सुमारे सहापट प्रवाह ओढते. एकोणीस मोटरी एकाच क्षणी उठल्या तर तो प्रवाह आठशे अँपिअरच्या वर जातो. ६३ च्या टीसीची नेहमीची क्षमता आहे ८४ अँपिअर. मग फ्यूज जातो. फ्यूज वारंवार जातो म्हणून कोणीतरी त्या जागी जाड तार घालतो. त्यानंतर फ्यूज जात नाही, टीसी जातो.

आपल्या हाती काय आहे?

१. मोटर रीतसर नोंदवावी. कर्नाटकात १० अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांचे बिल २००८ पासून सरकार भरते. मग लपविण्यात फायदा तो कसला? नोंद असेल तरच भार मोजला जातो आणि मोठा किंवा दुसरा टीसी मागता येतो. नोंद नसलेली मोटर म्हणजे शेजाऱ्याच्या वाट्याचे पाणी.

२. ऑटो स्विच काढावा. ते जमत नसेल तर त्याला उशिरा सुरू करणारा टायमर जोडावा आणि प्रत्येकाने वेगळी वेळ लावावी. एकाने एक मिनिट, दुसऱ्याने दोन, तिसऱ्याने तीन.

३. कपॅसिटर बसवावा. ५ अश्वशक्तीच्या मोटरीला साधारण २ केव्हीएआरचा पुरतो. त्याने मोटरीचा लाईनवरील प्रवाह साडेसात अँपिअरवरून साडेसहाच्या आसपास येतो. सर्वांनी बसविला तर त्याच टीसीवर अकराऐवजी तेरा मोटरी चालतील. तो जाणकार वायरमनकडूनच जोडून घ्यावा. वीज बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये काही वेळ वीज राहते, म्हणून लगेच हात लावू नये.

४. पेटीवर व्होल्टमीटर असावा. दाब ३५० च्या खाली असेल तर मोटर सुरू करू नये. एक दिवसाचे पाणी बुडेल, पण वायंडिंगचा खर्च वाचेल.

५. फुटव्हॉल्व्ह गळका नसावा आणि पाईप गरजेपेक्षा बारीक नसावा. नाहीतर मोटर विनाकारण जास्त वीज खाते.

जिवाशी खेळ नको

या पानावर आरोग्याचेही लिहावयाचे असते, म्हणून पुढील गोष्टी घरातील मुलांनाही वाचून दाखवा.

मोटरीच्या आणि स्टार्टरच्या लोखंडी पेटीला अर्थिंग हवेच. जमिनीत अडीच मीटर खोल पाईप, भोवती कोळसा आणि मीठ, आणि उन्हाळ्यात तेथे अधूनमधून पाणी घालावे. अर्थिंग नसेल तर आत तार उघडी पडल्यावर ओल्या पायाने पेटीला हात लावणारा माणूसच अर्थिंग बनतो.

विजेच्या खांबाला किंवा त्याच्या ताणाच्या तारेला गुरे बांधू नयेत, कपडे वाळत घालू नयेत. रानडुकरांसाठी कुंपणात वीज सोडणे हा गुन्हा तर आहेच, पण त्या कुंपणाला माणूस आणि डुक्कर यांतला फरक कळत नाही.

उसावरून जाणाऱ्या तारा लोंबत असतील तर वाऱ्याने एकमेकींना लागून ठिणग्या पडतात आणि उभा ऊस पेटतो. तोडणीची वाट न पाहता आताच लेखी कळवावे. तक्रारीसाठी १९१२ हा क्रमांक आहे.

तार तुटून पडलेली दिसली तर दहा मीटरांच्या आत जाऊ नये आणि दुसऱ्यालाही जाऊ देऊ नये. भोवतालच्या ओल्या जमिनीतही वीज पसरलेली असते. आपण चुकून जवळ असलो तर लांब ढांगा टाकू नयेत. पाय जवळ ठेवून, जमिनीवरून सरकवीत दूर जावे.

कोणास धक्का लागला तर आधी वीज तोडावी. त्याला हाताने ओढू नये. मोटरीच्या किंवा घराच्या लाईनचा धक्का असेल आणि मेन स्विच जवळ नसेल, तर कोरड्या जागी उभे राहून कोरड्या लाकडाने तार दूर सारावी. ११ हजारांच्या लाईनजवळ मात्र लाकडावरही विश्वास ठेवू नये, लाईन बंद झाल्याची खात्री होईपर्यंत जवळच जाऊ नये. माणूस सुटल्यावर श्वास चालत नसेल तर त्याला उताणे निजवून छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी जोराने, मिनिटास शंभर ते एकशेवीस वेळा दाबत राहावे आणि कोणीतरी १०८ ला फोन करावा. तोंडात पाणी घालू नये. शुद्धीवर आला तरी दवाखान्यात न्यावेच, कारण हृदयाचे ठोके पुढेही बिघडू शकतात.

त्या वाडीवर पुढे काय झाले?

मोटरींची यादी घेऊन आम्ही ओढ्याकाठच्या सर्वांना एकत्र बसविले. पहिला अर्धा तास भांडणच झाले. ‘‘माझी एकट्याची काय जड झाली?’’ असे प्रत्येकजण म्हणत होता. मग एका तरुणाने खडूने फरशीवर त्रेसष्टचा आकडा लिहिला आणि एकेक मोटर त्यातून वजा करीत गेला. अकराव्या मोटरीला आकडा जवळजवळ संपला. आठजण उरले होते. कोणी काही बोलेना.

शेवटी तात्याच उठले. त्यांच्या दोन मोटरी होत्या, एक नोंदलेली आणि एक न नोंदलेली. ते म्हणाले, ‘‘दुसरी मी उद्यापासून बंद ठेवतो. अर्ज मंजूर झाला की बघू.’’

आठही मोटरींचे अर्ज गेले. त्यांतील तीन आजवर मंजूर झाले आणि दुसऱ्या टीसीची मागणी पुढे पाठविली आहे. तो येईपर्यंत दोन गट करून पाळी ठरविली. नऊ मोटरी एका दिवशी, नऊ दुसऱ्या दिवशी, आणि टायमर सर्वांना. त्या भगिनीची मोटर टोकाला असल्याने तिच्या दिवशी पहिला तास तिचा, बाकीच्यांनी त्यानंतर सुरू करायचे असे ठरले. ही अट तिने घातली नव्हती, बायकांनी घातली.

गेलेली मिरची परत आली नाही. मुलीची फी भावकीने मिळून भरली. पण त्यानंतर टीसी जळाला नाही आणि मोटरीही जळाल्या नाहीत.

सुप्याहून आपल्या बांधापर्यंतची वाट सांभाळायला हजारो माणसे आहेत. टीसीपासून मोटरीपर्यंतची शेवटची दोनशे पावले मात्र आपल्यालाच सांभाळायची आहेत. या आठवड्यात आपापल्या टीसीखाली उभे राहून त्यावरचा आकडा वाचा आणि मोटरी मोजा. सुरुवात तेवढ्यानेच होईल.